मूठभर जवळा

दिवाळे गावात दिवाळी आणि देव बरोबरच येतात. नरकचतुर्दशीच्या सुमारास इथले कोळी होड्या घेऊन घारापुरी बेटाजवळच्या पाण्यात जातात, बहिरीदेवाला वर काढतात आणि वाजतगाजत गावात आणतात. उत्सव आटोपला की देव पुन्हा समुद्रात. ते दिवस म्हणजे बेंजो, गुलाल, माहेरवाशिणी, पाहुणे आणि अर्थातच फटाके. गावाच्या हिशेबाने वर्षातला हा सर्वांत आनंदाचा आवाज. तो सुरू झाला की एरवी मासळी बाजाराच्या तोंडाशी पसरलेले कुत्रे एकाएकी दिसेनासे होतात. कोणी जेट्टीवर उलट्या घातलेल्या होडीखाली शिरतो, कोणी जाळ्यांच्या ढिगात. एखादा बिथरून सुसाट पाम बीच रोडच्या दिशेने सुटतो, आणि त्या रस्त्यावर गाड्या कुत्र्यासाठी थांबत नाहीत.

सीबीडी बेलापूरच्या काचेच्या इमारती आणि किल्ले गावठाणातलं महापालिकेचं घुमटवालं मुख्यालय इथून हाकेच्या अंतरावर आहे. मात्र गावाचं वेळापत्रक अजून भरती-ओहोटीवर चालतं, आणि कुत्र्यांचंही. होडी लागली की कुठून कुठून गोळा होतात. डिझेल इंजिनाची धडधड, बर्फ फोडण्याचा आवाज, टेम्पोचे हॉर्न, लिलावाचा कालवा, यातलं काहीही त्यांना हलवू शकत नाही. पिल्लू म्हणून डोळे उघडले तेव्हापासून ते हेच ऐकत आले. जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे भेटतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं, हे अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५च्या ग्रंथात मांडलं. जेट्टीवरचे कुत्रे रोज त्याची साक्ष देतात. फटाका त्या काळात भेटलेला नसतो. तो अधूनमधून येतो, कधी येणार ते कळत नाही, कुठून आला ते दिसत नाही.

'अधूनमधून' हेही दिवाळ्यात जरा सैलच म्हणायचं. आगरी-कोळ्यांच्या गावात आवाजाला फक्त दिवाळी लागत नाही. नारळी पौर्णिमा, गोविंदा, गणपती, नवरात्र, देवदिवाळी, आणि लग्नसराईत तर घराघरातल्या हळदी. हळदीला डीजे नाही म्हणजे लग्नच नाही. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला जवळपास ४५ हजारांपर्यंत. रॉकेटची शीळ आपल्या कानातून निघून जाते तेव्हा त्याच्या कानात ती अजून असते. कायद्याने फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी तीच मर्यादा घातली. कागद उत्तम आहे. दिवाळ्यातल्या कुत्र्यांनी तो वाचलेला नाही, आणि फटाके उडवणाऱ्यांनीही.

या गावातल्या एका घरात टायगर नावाचा कुत्रा आहे. नाव ठेवणाऱ्याचा उत्साह समजू शकतो. तांबूस, मध्यम चणीचा, एक कान उभा एक पडलेला, असा अस्सल गावठी. घरातल्या मावशी बाजारात मासळी विकायला बसतात, त्यांची मुलगी कॉलेजात जाते. पिल्लू असताना कुणीतरी त्याच्या शेपटीजवळ लवंगी फोडली, असं घरात सांगतात. त्यानंतर फटाक्याला घाबरणं आलंच, पण भीती तिथे थांबली नाही. आधी फटाका, मग फटाके उडवणारी पोरं, मग पळत येणारं कुठलंही पोर, मग हेल्मेट घातलेला पार्सलवाला, मग छत्री. दारात कुणी आलं की साखळीला हिसका देऊन अंगावर जाणार, घसा बसेपर्यंत भुंकणार. मावशींचं म्हणणं सरळ होतं, "चावत नाय तो, नुस्ता भुकतय."

भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही आपल्या भाषेतली म्हण माणसांबद्दल खरी असेल. कुत्र्यांबद्दल ती धोकादायक आहे. भुंकणं, गुरगुरणं, दात दाखवणं म्हणजे 'लांब राहा' अशी सूचना. सूचना कुणी मानली नाही तर पुढची पायरी चावण्याची. ती सूचना दिल्याबद्दल कुत्र्याला मारलं तर तो सूचना द्यायचं बंद करतो. भीती तिथेच राहते, फक्त तिचा आवाज जातो. 'अचानक चावला हो, काही कारण नसताना' अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

टायगरवर गावात जे उपाय झाले ते सगळीकडे होतात तेच. 'हाड' म्हणून झालं, चप्पल झाली, पाण्याची बादली झाली. कुणीतरी चोक चेन आणून दिली. एका हौशी ट्रेनरने 'त्याला बॉस कोण ते दाखवा' असं सांगून त्याला जमिनीवर उताणं दाबून धरलं, आणि टायगरने त्याचा हात धरला. रक्त आलं नाही एवढंच.

हे 'बॉस कोण' प्रकरण कुठून आलं ते सांगण्यासारखं आहे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने १९४७ साली बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं, की कळपात वरचढपणासाठी सतत झगडा चालतो. ते लांडगे एकमेकांचे कुणी नव्हते, माणसाने एका आवारात कोंडलेले अनोळखी प्राणी होते. डेव्हिड मीच या अमेरिकी संशोधकाच्या १९७०च्या पुस्तकाने हा 'अल्फा' लांडगा जगभर पोचवला. पुढे त्याच मीचने रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, आणि १९९९मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं, 'अल्फा' हा शब्द तिथे लागूच होत नाही. लेखकाने स्वतःचं मत मागे घेतलं, तरी नवी मुंबईच्या बागांमधून ते अजून रोज सकाळी फिरताना दिसतं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९मध्ये १४० मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांचा कुत्रा त्यावर अंगावर आला होता. उताणं पाडून दाबणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के. टायगरने काही जगावेगळं केलं नव्हतं.

शेवटी मुलीने त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी कान तपासले, सांधे दाबून पाहिले, दात पाहिले. दुखणारा कुत्रा चिडका असतो, आणि दुखणं तसंच ठेवून शिकवायला बसण्यात अर्थ नाही. ज्याचं वागणं एकाएकी बदललंय त्याच्याबाबत तर रेबीजची शंका आधी फेडून घ्यावी लागते. तिथे शिकवणीचा प्रश्नच नाही. टायगरचं शरीर ठणठणीत निघालं. मग डॉक्टरांनी विचारलं, "याला सगळ्यात काय आवडतं?"

कोळ्याच्या घरात हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. सुकवलेला जवळा. डबा उघडला की तो घराच्या मागच्या बाजूने धावत येतो.

भीती आणि खाऊ यांचा संबंध विज्ञानाने कसा शोधला, यात १९२४ या सालाला एक विचित्र स्थान आहे. पावलोव्हचा कुत्रा आपल्याला शाळेपासून माहीत असतो. अन्नाची खूण ऐकू आली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. त्याच पावलोव्हच्या प्रयोगशाळेत २३ सप्टेंबर १९२४ रोजी पुराचं पाणी शिरलं. लेनिनग्राडमध्ये नेवा नदी फुगली, पिंजऱ्यातले कुत्रे नाकापर्यंत बुडाले, मदतनिसांनी त्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढलं. कुत्रे वाचले, पण त्यातल्या काहींचं सगळं शिकलेलं पुसून गेलं. पुष्कळ दिवसांनी ते ताळ्यावर आले. मग एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याचा बारीक ओघळ मुद्दाम सोडला, आणि तेवढ्यानेही तो पुन्हा कोलमडला. धोका टळला म्हणून भीती टळत नाही, हे पावलोव्हने तिथे पाहिलं. टायगरची लवंगी आणि लेनिनग्राडचा ओघळ एकाच जातीचे.

त्याच १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरायचा. बाईंनी त्याला खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ दिला आणि ससा पिंजऱ्यात घालून खोलीत आणला, पण इतका लांब की पीटरचं खाणं थांबू नये. मग ससा थोडा जवळ, पुन्हा थोडा जवळ. शेवटी पीटर एका हाताने सशाला कुरवाळू लागला. लहान मुलाला मुद्दाम घाबरवून दाखवण्याचा वॉटसन या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग चार वर्षं आधीचा, आणि मानसशास्त्राच्या पुस्तकांत अजून तोच जास्त गाजतो. भीती लावणाऱ्यापेक्षा ती काढणाऱ्या बाईंना कमी जागा मिळाली, याचं आश्चर्य वाटू नये. जगभर भित्र्या कुत्र्यांवर आज जे उपचार होतात त्यांचा सांगाडा मात्र या बाईंचा आहे.

त्या सांगाड्यात दोन गोष्टी पाळाव्या लागतात. अंतर आणि क्रम.

अंतर म्हणजे घाबरवणारी गोष्ट इतकी लांब, की कुत्रा ती पाहतो, ऐकतो, पण खाऊ शकतो. टायगरला पार्सलवाल्याची सवय करायची म्हणजे त्याला दारात बांधून पार्सलवाला बोलवायचा, असं नाही. मुलीने एका चुलतभावाला हेल्मेट घालून गल्लीच्या पार टोकाला उभं केलं. टायगरने मान वळवून पाहिलं, की तोंडासमोर जवळा. हेल्मेट भिंतीआड गेलं, की जवळा बंद. पुन्हा दिसलं, पुन्हा जवळा. बस, एवढंच. बसायला सांगायचं नाही, 'गप' म्हणायचं नाही, चांगलं वागला तरच देईन अशी अट घालायची नाही. भुंकला तरी खाऊ मिळतो, फक्त मग समजायचं की आपण फार जवळ आलो आणि दहा पावलं मागे जायचं. अंतर बरोबर आहे की नाही याचं मोजमाप कुत्र्याच्या तोंडातच आहे. खाणं सोडलं, किंवा एरवी हळू घेणारा कुत्रा बोटांसकट ओढून घ्यायला लागला, तर तो घाबरलेला आहे. त्याच्याही आधी ओठ चाटणं, नसत्या वेळी जांभई, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पायात. हे वाचता येऊ लागलं की भुंकण्यापर्यंत पाळी येतच नाही.

क्रम त्याहून नाजूक. आधी भीतीची गोष्ट, मग लगेच, सेकंदा-दोन सेकंदांत, खाऊ. उलटं नाही. आधी खाऊ पुढे करून मग फटाक्याचं रेकॉर्डिंग लावलं, तर कुत्रा शिकतो की जवळ्याचा डबा उघडला म्हणजे आता काहीतरी वाईट होणार. मग जवळाच संशयास्पद होतो. मावशींनी सुरुवातीला हेच केलं, टायगरला आधी खाऊ देऊन 'खूश' करायचं आणि मग बाहेर न्यायचं. तो डबा पाहून पलंगाखाली जाऊ लागला, तेव्हा मुलीच्या ध्यानात आलं.

या शिकवणीला लोक लाच म्हणतात. 'खायला दिलं म्हणून गप बसतो, त्यात काय मोठं?' लाच ही काम करून घेण्यासाठी असते. इथे कुत्र्याकडून काम काही मागितलेलंच नाही. हेल्मेट दिसल्यावर त्याच्या पोटात जो गोळा येतो तो बदलायचा आहे. घाबरलेला कुत्रा विचार करून भुंकत नाही, जसा दाताच्या डॉक्टरकडे आपल्याला विचार करून घाम फुटत नाही. आणि खाऊ देऊन भीती 'पक्की' होईल, हा दुसरा आक्षेप तर पूर्ण उलटा आहे. लाड केल्याने खोड वाढू शकते. पण भीती ही खोड नाही. भेदरलेल्या जीवाला जवळ घेतलं म्हणून तो जास्त घाबरत नाही.

याला आकड्याचा आधारही आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, काय केल्याने उपयोग झाला? १,२२५ कुत्र्यांची माहिती जमली, निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. फटाका वाजताक्षणी खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के मालकांनी गुण आल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांनी साधारण ६९ टक्के, शांत पडून राहायच्या सरावानेही तेवढेच, रेकॉर्डिंग ऐकवून केलेल्या सरावाने सुमारे ५५. हे मालकांच्या तोंडचं आहे, प्रयोगशाळेतलं नाही, हे ध्यानात ठेवूनही मला त्यातली पहिली ओळ मोलाची वाटते. कारण ती फुकट आहे. त्याला ट्रेनर लागत नाही, यंत्र लागत नाही, लागतो तो खिशात खाऊ आणि थोडी तत्परता. पोर्तुगालमध्ये त्याच वर्षी ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात, दटावून-मारून शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं संप्रेरक जास्त चढलेलं आढळलं. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने २०२१मध्ये तर स्पष्टच सांगितलं, की वागणुकीच्या कुठल्याही तक्रारीवर शिक्षेची साधनं वापरू नयेत, बक्षिसाची पद्धत वापरावी.

जवळ्याबद्दल थोडं. बाजारात मिळणाऱ्या बिस्किटांपेक्षा तो या कामाला सरस आहे, असं माझं मत. वास तीव्र, आकार लहान, चावायला वेळ लागत नाही, बोट चिकट होत नाही. मात्र खारवलेला मासा नको. मीठ न लावता उन्हात सुकवलेलाच घ्यावा, वाळू आणि उरलंसुरलं खारं जावं म्हणून धुऊन पुन्हा कोरडा करावा. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त खाऊ होऊ नये. शिजवलेल्या माशाचे काटे नकोत. जेट्टीवर जाळ्यातून काढून फेकलेला केंड मासा तर कुत्र्याच्या आसपासही नको, तो विषारी असतो. मासळी नसलेल्या घरात उकडलेलं चिकन चालतं, पनीरचे बारीक तुकडे चालतात. दिवाळीच्या फराळातलं मात्र जवळपास काहीच चालत नाही. चॉकलेट, बेदाणे, कांदा, लसूण, यातलं प्रत्येक कुत्र्याला बाधतं, आणि बेदाणे चिवड्यात कुठे असतात ते आपल्यालाही शोधावं लागतं.

घरातला कुत्रा एक झाला. जेट्टीवरच्यांचं काय?

इथे खाऊची बाजू मांडणाऱ्याला थोडं थांबावं लागतं. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. जगात पाळीव कुत्र्यांवरचं संशोधन ढीगभर, रस्त्यावरच्यांवरचं मूठभर, आणि त्यातला मोठा वाटा या प्रयोगशाळेचा. त्यांच्या २०१७च्या अभ्यासात अनोळखी माणसांनी काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खाऊ दिला, काहींना कुरवाळलं. विश्वास जास्त बसला तो कुरवाळणाऱ्यांवर. म्हणजे खाऊ ही शेवटची पायरी नव्हे, पहिली. ज्याला हात लावता येतो त्याला हात लावावा. ज्याला येत नाही, त्याच्यापर्यंत पोचायला खाऊ आहे.

हात का लावता येत नाही, त्याचंही उत्तर याच प्रयोगशाळेने दिलंय. रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांचा त्यांनी माग ठेवला. सात महिन्यांपर्यंत जगली ती १९ टक्के. जी गेली त्यातल्या ६३ टक्के मृत्यूंमागे कुठे ना कुठे माणूस होता. गाडी, विष, मार, उचलून नेणं. माणसाला बिचकणारा रस्त्यावरचा कुत्रा वेडगळ नाही. आकडेवारी त्याच्या बाजूने आहे.

मुंबईला हे नवं नाही. कंपनी सरकारने भटके कुत्रे मारायला एका कुत्र्यामागे आठ आणे लावले, तेव्हा जून १८३२मध्ये इथल्या पारशांनी दंगल केली. ब्रिटिश मुंबईतली ही पहिली मोठी दंगल मानतात. जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही भांडण मिटलेलं नाही. दिवाळ्यापासून जवळच नेरूळला सीवूड्स इस्टेटमध्ये कुत्र्यांना खायला घालण्यावरून रहिवासी आणि सोसायटी उच्च न्यायालयापर्यंत गेले. केंद्राच्या २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत सोसायट्यांनी खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवावी, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, असं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीपुरत्या आपल्या आधीच्या कडक आदेशात बदल केला. निर्बीजीकरण आणि लस झालेला कुत्रा होता तिथे परत सोडावा, पिसाळलेला किंवा आक्रमक असेल तर सोडू नये, आणि खायला ठरवून दिलेल्या जागीच घालावं.

यातला 'आक्रमक' हा शब्द पुढे अनेक कुत्र्यांचं आयुष्य ठरवणार आहे, आणि टायगरसारखा भेदरलेला कुत्रा त्या शब्दात सहज बसवता येतो. म्हणून मला खाऊ घालणाऱ्यांशी थोडं भांडायचंय. वाटेल तिथे, वाटेल तेव्हा, स्कूटरवरून पिशवी ओतून पुढे जाणं म्हणजे कुत्र्यांवर उपकार नव्हे. एकाच ठिकाणी दहा कुत्रे जमतात, एकमेकांवर तुटून पडतात, मधून जाणारं पोर सापडतं. तेच अन्न ठरल्या वेळी, बाजूच्या जागी, वेगवेगळ्या ढिगात, शांत उभं राहून घातलं तर कुत्रा माणसाजवळ थांबायला शिकतो, आणि मग निर्बीजीकरणाच्या गाडीसाठी त्याला जाळं न टाकता धरता येतं. लस टोचणाऱ्यांना याचं मोल विचारा. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, अशी आपली कथा आहे. तिचं मोठेपण मान्य. व्यवहारात मात्र कुत्र्यामागे कधी धावू नये, थांबून त्याला येऊ द्यावं.

टायगरचं काय झालं? चमत्कार झाला नाही. पावसाळाभर सराव चालला, मधे खंड पडले. घरात शिकलेलं जेट्टीवर लागू पडत नाही, तिथे पुन्हा पहिल्यापासून, कारण कुत्रा जागेसकट शिकतो. हेल्मेट जमलं, तरी छत्रीचं वेगळं करावं लागलं. ज्या दिवशी सकाळी बँड गेला, दुपारी पाहुणे आले आणि संध्याकाळी गल्लीत क्रिकेट झालं, त्या दिवशी तो जमलेल्या हेल्मेटवरही गेला. भीती दिवसभर साठत जाते. अशा दिवशी सराव करायचा नाही, हे त्या मुलीला कुणी सांगावं लागलं नाही. आज पार्सलवाला दिसला की टायगर आधी त्याच्याकडे पाहतो आणि मग मान वळवून मुलीकडे, 'आलाय तो, काढ जवळा' अशा नजरेने. मावशींच्या मते हा लुच्चेपणा आहे. माझ्या मते हाच उपचार. लहान मुलं त्याच्याजवळ अजून एकटी सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

फटाक्यांचं काम अर्धवट आहे. लांबचा आवाज आता तो सोसतो, गल्लीतला नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसाठी डॉक्टरांनी त्याला चिंता कमी करणारं औषध दिलंय. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की औषधाशिवाय ते खाऊसुद्धा शकत नाहीत, आणि जो खाऊ शकत नाही तो शिकू शकत नाही. फक्त नुसती गुंगी आणणारी गोळी दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नये. तिने कुत्रा हलत नाही, पण ऐकतो सगळं आणि घाबरतोही. बाहेरून शांत दिसतो एवढंच.

दिवाळी तोंडावर आली असेल, तर शिकवणीला या वर्षी उशीर झाला, पण काही गोष्टी तेव्हाही करता येतील. कुत्र्याला संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा. पट्ट्यावर फोन नंबर असू द्या, कारण बिथरून पळालेला कुत्रा मैलोन्‌मैल जातो. आतली, खिडकी नसलेली जागा त्याला मोकळी ठेवा. पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका. फटाका वाजला की लगेच खाऊ, प्रत्येक फटाक्याला. खात नसेल तर नुसतं जवळ बसा. चटईवर जवळा विखरून टाका, हुंगत शोधण्यात नाक गुंतून राहतं. कुत्रा कुणाला चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. हळद-चुना लावत बसू नका.

खरा सराव सुरू करायचा तो तुळशीचं लग्न उरकलं, फटाके संपले, की. फोनवर फटाक्याचा आवाज अगदी बारीक लावा, इतका की कुत्र्याचा फक्त कान हलेल. मग एक जवळा. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. पुढच्या दिवाळीला अजून वर्ष आहे, आणि दिवाळ्याच्या बाजारात सुका जवळा बाराही महिने मिळतो. विकणाऱ्या मावशींना तेवढं सांगा, बिनमिठाचा द्या, कुत्र्यासाठी हवाय. त्या हसतील, पण देतील.